तीन नंबरच्या कप्प्यातल्या नळ्या

मोजणीवाल्याने कागद पुढे केला तेव्हा ताईंनी आधी त्याचा चेहरा पाहिला. वाईट बातमी असली की हा गृहस्थ विनाकारण चष्मा पुसतो, आणि आत्ता तो चष्माच पुसत होता.

"एक्केचाळीस," तो म्हणाला. "दोनदा मोजलं."

शंभरातल्या एक्केचाळीसच पेशी हव्या त्या वाटेला वळल्या होत्या. तीन महिन्यांपूर्वी हा आकडा पंच्याऐंशीच्या खाली आला तरी ताईंना जेवण गोड लागत नसे. गेल्या खेपेला तो त्रेपन्नावर आला होता, त्याआधी साठावर. म्हणजे जिना उतरल्यासारखा एकेक पायरी खाली चालला होता. ताईंनी कागदाची घडी केली, खिशात टाकली आणि काचेतून पलीकडे पाहिलं. पेशींच्या खोलीत, दुसऱ्या मेजापाशी, घुम्या त्यांच्याकडे पाठ करून बसला होता.

ताई त्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं होत्या. पेशींची खोली त्यांच्या ताब्यात होती. तिथे कुणी चपला बदलल्याशिवाय शिरत नसे, मोठ्याने शिंकतही नसे. बाईमाणूस प्रेमळ होतं, पण खोलीच्या बाबतीत सासूच्या वरताण. काम असं होतं की मूळ पेशी वाढवायच्या, म्हणजे ज्यांनी अजून काहीच व्हायचं ठरवलेलं नाही अशा, आणि मग त्यांना एकेक टप्प्याने वळवत नेऊन साखर सांभाळणाऱ्या पेशी बनवायच्या, मधुमेहाच्या रोग्यांत कमी पडतात तशा. त्यातला पहिला टप्पा तीन दिवसांचा. त्या तीन दिवसांत पेशींना एक निरोप मिळावा लागतो, की बायांनो, आता तुम्ही आतड्याच्या, यकृताच्या, स्वादुपिंडाच्या वाटेला लागा. हा निरोप पोचवणारं एक प्रथिन असतं. माणसाच्या शरीरात ते आपसूक तयार होतं. कारखान्यात मात्र माणसाचं जनुक भलत्याच पेशींत घालून त्यांच्याकडून ते करवून घेतात, गाळतात, सुकवतात, आणि बोटाच्या पेराएवढ्या बाटलीत भरून पाठवतात. बाटली उजेडात धरली तर आत काही दिसत नाही. नशीब असेल तर तळाशी पुसटसा पापुद्रा. ॲक्टिव्हिन हे त्याचं नाव. ताई त्याला निरोप्या म्हणत.

निरोप्या आला की ताई स्वतः तो विरघळवत, पातळ करत, आणि छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये तीन नंबरच्या कप्प्यात ठेवत. एका प्रयोगाला एक नळी. वितळलेली नळी परत गोठवायची नाही, हा त्यांचा दंडक. तो कप्पा दुसऱ्या कुणी उघडायचं कारण नव्हतं.

आणि तरी निरोप पोचत नव्हता.

नवी बाटली आली त्या दिवशी ताजा निरोप्या वापरून केलेल्या पहिल्या प्रयोगाचा आकडा चौऱ्याऐंशी होता. त्यामुळे बाटलीवर बोट ठेवायला जागा नव्हती. घसरण सुरू झाली ती नंतर. आता नंतर काय बदललं, असं ताईंनी मनाशी विचारलं की उत्तर एकच येई. घुम्याला पेशींच्या खोलीचं कार्ड मिळालं होतं, अगदी त्याच आठवड्यात.

घुम्या हे नाव मोजणीवाल्याने ठेवलेलं. तोंडावर सगळे त्याला डॉक्टर म्हणत. पंचेचाळिशीचा, उंच, खांद्यात जरा वाकलेला. आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून आला होता, आणि ती मधेच का सोडली ते कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं तर "तिथलं काम संपलं" एवढंच. चार शब्दांत भागत असेल तर पाचवा बोलायचा नाही. हेही एक वेळ चाललं असतं. पण माणूस सकाळी साडेसहाला यायचा. बाकीची मंडळी नवाला येत, ताई आठला. साडेसहाला येऊन हा करतो काय, हे ताईंना पहाऱ्यावरच्या वहीत त्याची वेळ पाहिल्यापासून सतावत होतं. एकदा त्या मुद्दाम सात वाजता आल्या, तर हा मेजापाशी एकटा. दार वाजताच त्याने काहीतरी खणात सारलं आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"लवकर आलात ताई," तो म्हणाला.

"तुमच्यानंतरच," ताई म्हणाल्या.

त्याने हात काही खिशातून काढले नाहीत. ताईंच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. त्यात पुढच्या आठवड्यात जिन्याच्या वळणावर त्याचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं. तो हळू आवाजात कुणाला तरी सांगत होता, "नाही, अजून कळलेलं नाही त्यांना. कळलं तर संपलंच." ताई दोन पायऱ्या मागे सरकल्या आणि तो जाईपर्यंत भिंतीला लागून उभ्या राहिल्या. चोरी दुसऱ्याची आणि लपावं लागतंय आपल्याला, याचाच त्यांना राग आला.

एक्केचाळीसचा कागद त्या घरी घेऊन आल्या. नवरा स्वयंपाकघरातल्या मेजावर वर्तमानपत्र पसरून कोडं सोडवत बसला होता. हा गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होता. तीस वर्षं दुकानादुकानांतून फिरून खोटी वजनं पकडण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही जगात सरळ माणूस असतो यावर त्याचा विश्वास नव्हता. भाजीवाल्याने एखादा टोमॅटो जास्त घातला तरी तो विचारायचा, का घातला?

ताईंनी सगळं सांगितलं. त्याने पेन्सिल कानावर ठेवली.

"तराजू खोटा नसतो गं," तो म्हणाला. "तराजूवरचा हात खोटा असतो. कोण कधी येतं, कोण कधी जातं, एवढं बघ. बाकी आपोआप दिसतं."

"पण त्याला मिळणार काय? एवढ्याशा नळीतून?"

"जुन्या ठिकाणी देत असेल नेऊन. किंवा तुमचं काम बिघडवायलाच बसवला असेल. लोक काय काय करतात ते मी पाहिलंय." मग त्याने त्यांना युक्ती सांगितली. मापाच्या भांड्याला ते जसं सील करत तशी. नळीच्या झाकणावरून खाली अंगापर्यंत बारीक पेनाने एक सरळ रेघ ओढायची. झाकण कुणी फिरवलं की रेघ तुटते, आणि पुन्हा जुळवायची म्हटलं तरी तंतोतंत जुळत नाही.

ताईंना ते थोडं हलकं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच केलं. उरलेल्या बावीस नळ्यांवर, बोटं बधिर होत असताना, कोरड्या बर्फाच्या डब्यात ठेवून एकेक रेघ ओढली.

मग त्यांचं दिवसातलं अर्धं लक्ष घुम्यावर लागून राहिलं. तो फ्रीझरकडे गेला की यांची मान वळायची. तो पाणी प्यायला गेला की त्या त्याच्या मेजाजवळून जायच्या. त्याच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्या जवळ आल्या की तो हातातलं काम थांबवून बसे, वही मिटे, आणि त्या जाईपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत राही. ताई म्हणत, बघा, चोराच्या मनात चांदणं. मोजणीवाल्याला त्यांनी नाव न घेता थोडं सुचवलं. त्याला तेवढं पुरलं. दोन दिवसांत चहाच्या खोलीत घुम्या आला की बोलणं थांबू लागलं.

नवव्या दिवशी ताईंनी कप्पा उघडला आणि नळ्या मोजल्या. बावीस होत्या. पण तीन नळ्यांवरची रेघ तुटली होती. झाकणावरचा तुकडा एकीकडे, अंगावरचा दुसरीकडे, केसभर अंतर.

खरं सांगायचं तर ताईंना भीती वाटली तसा आनंदही झाला. आपला अंदाज खरा ठरल्याचा आनंद. त्या तशाच, हातमोजे न काढता, मॅडमच्या खोलीत गेल्या.

मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. हुशार, शिस्तीच्या, आणि त्या वर्षी जरा धास्तावलेल्या, कारण वर्षभराच्या कामाचा आढावा दोन महिन्यांवर आला होता आणि दाखवायला एक्केचाळीसचा आकडा होता. त्यांनी ताईंचं ऐकून घेतलं, नळ्या भिंगाखाली पाहिल्या आणि घुम्याला बोलावलं.

तो आला, दारातच उभा राहिला. हात खिशात. मॅडमनी विचारलं की तीन नंबरच्या कप्प्यातल्या नळ्या त्याने उघडल्या का. तो नाही म्हणेल आणि मग आपण रेघा दाखवू, असं ताईंनी मनात योजलं होतं. पण तो सरळ हो म्हणाला.

"मी उघडल्या. थोडं थोडं घेतलं. मोजायला."

मॅडमनी विचारलं, कुणाला विचारून घेतलं. मोजलं असेल तर नोंद कुठे आहे, असं विचारलं. तो म्हणाला वहीत आहे. वही आणा म्हटल्यावर मात्र त्याने एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे.

"वही मी दाखवू शकत नाही," तो म्हणाला.

एवढं झाल्यावर मॅडमच्या हातात तरी काय होतं? त्यांनी त्याचं कार्ड मागून घेतलं आणि चौकशी होईपर्यंत घरी राहायला सांगितलं. कार्ड मेजावर ठेवताना त्याने एक हात खिशातून काढला, आणि ते ठेवलं नाही, जवळजवळ फेकलं. ताईंना तो उर्मटपणा वाटला. त्यांनी घरी आल्यावर नवऱ्याला हेही सांगितलं. नवरा म्हणाला, पकडला गेल्यावर सगळेच असं करतात.

त्या आठवड्यात ताईंना छान झोप लागली. सोमवारी त्यांनी न तुटलेल्या रेघेची एक नळी काढली, पेशींना तीन दिवस निरोप दिला, आणि गुरुवारी मोजणीवाल्याकडे पाठवलं.

अडतीस आले.

मोजणीवाल्याने या वेळी चष्मा पुसला नाही. तो नुसता ताईंकडे बघत राहिला. ताईही त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या मनात पहिला विचार काय यावा? की याचं यंत्र तर कुणी बिघडवलं नसेल? की हाच तर... मग दुपारी त्यांना वाटलं, फरशी पुसणाऱ्या बाईने फ्रीझरचं बटण तर काढलं नसेल? संध्याकाळी वाटलं, मॅडमनीच तर काही... संशयाला एकदा घरात घेतलं की तो एका खोलीत राहत नाही. घरी येताना बसमध्ये त्यांना स्वतःचीच थोडी भीती वाटली. एकोणीस वर्षांत या माणसांबरोबर त्यांनी हजारदा चहा घेतला होता, आणि आज त्यातला प्रत्येक जण त्यांना दाराआड उभा असल्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांना घुम्याचं मेज आवरून त्याचं खाजगी सामान बाजूला काढायला सांगितलं. ताईंनी खण उघडला. ज्या खणात त्या सकाळी त्याने काहीतरी सारलं होतं, तोच.

आत एक नळ्यांचा स्टँड होता. त्यात शाईने निळं केलेलं साधं पाणी. शेजारी भोकाभोकांच्या ताटल्या, दहा-बारा. एकेका ताटलीत शहाण्णव खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्यात निळ्या पाण्याचा थेंब वाळून गेलेला. सुरुवातीच्या ताटल्यांत थेंब बरोबर मध्यभागी होते. नंतरच्यांत ते कडेला सरकले होते. अगदी शेवटच्या ताटलीत निम्मे थेंब खड्ड्याबाहेर सांडलेले. ताई बराच वेळ त्या ताटल्या एकीशेजारी एक मांडून बघत बसल्या. पोरांना अक्षर गिरवायला लावतात तसं कुणीतरी रोज सकाळी थेंब गिरवत होतं, आणि दिवसेंदिवस ते जास्त चुकत होतं.

खाली वही होती. पहिली पानं छान, टपोऱ्या अक्षराची. पुढे अक्षर हेलकावे खाऊ लागलेलं. शेवटची पानं तर कोंबडीच्या पायांनी लिहिल्यासारखी. त्यातले आकडे ताईंनी कसेबसे लावले. तारीख, नळी, किती दिवस जुनी, आणि पुढे निरोप्या किती उरला. ताजा होता तेव्हा शंभर. चार दिवसांनी बहात्तर. दोन आठवड्यांनी चाळीस. सहा आठवड्यांनी एकोणतीस. त्याखाली एक ओळ दोनदा अधोरेखित केली होती, पण ती काही केल्या लागेना.

ताईंनी वही पिशवीत घातली, मॅडमना काही बोलल्या नाहीत, आणि कार्यालयातून पत्ता घेऊन दुपारीच घुम्याच्या घरी गेल्या.

दार त्याच्या थोरल्या बहिणीने उघडलं. साठीच्या, बारीक, करड्या केसांच्या बाई. ताईंनी कुठून आले ते सांगितल्यावर त्यांनी दार अर्धंच धरून ठेवलं.

"आता आणखी काय राहिलं?" त्या म्हणाल्या.

"त्यांची वही द्यायचीय."

"द्या इकडे."

"त्यांच्या हातात द्यायचीय," ताई म्हणाल्या. आतून त्याचा आवाज आला, येऊ दे त्यांना.

खोली लहान होती, पुस्तकांनी भरलेली. तो खिडकीशी बसला होता, आणि इथे घरात त्याला हात लपवायचं कारण नव्हतं. उजवा हात मांडीवर होता आणि आपला आपण थरथरत होता, थंडीने कुडकुडावा तसा. ताईंनी पाहिलं आणि नजर वळवली. बहिणीने पाणी आणून ठेवलं. त्याने पेला उचलला नाही.

ताईंनी वही उघडून ती अधोरेखित ओळ दाखवली आणि हे काय लिहिलंय म्हणून विचारलं. एवढंच जमलं.

"नळी रिकामी केली," त्याने वाचून दाखवलं. "साबणाच्या पाण्याने आतून खंगाळली. त्या पाण्यात निरोप्या सापडला."

ताईंना कळलं नाही. मग तो बोलू लागला, आणि आठ महिन्यांत बोलला नसेल एवढं त्या दुपारी बोलला. प्रथिन चिकट असतं. भरपूर असलं तर थोडं नळीच्या भिंतीला चिकटल्याने काही बिघडत नाही. पण पातळ करून इवल्याशा नळीत ठेवलं तर आहे तेच सगळं हळूहळू भिंतीला जाऊन बसतं. म्हणून त्यात दुसरं एक साधं प्रथिन भरपूर मिसळतात. भिंतीला ते चिकटतं आणि निरोप्या मोकळा राहतो. जुन्या बाटलीत ते कारखान्यातूनच घातलेलं असे. नव्या बाटलीत नव्हतं.

"नव्या बाटलीत का नव्हतं?" ताईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना उत्तर आठवलं.

मागणीचा कागद त्यांनीच भरला होता. यादीत दोन प्रकार होते, एक मिसळीचा आणि एक निव्वळ. मॅडम म्हणाल्या होत्या, पुढेमागे रोग्यांसाठी वापरायचं तर जितकं शुद्ध तितकं बरं. ताईंनी निव्वळवर खूण केली. बाटलीबरोबर एक बारीक अक्षरातला कागदही आला होता, विरघळवताना काय मिसळावं ते सांगणारा. तो त्यांनी फाइलला लावला. वाचला नाही. एकोणीस वर्षं जे करतोय ते वाचून काय करायचं?

"कुणीच काही चोरलं नाही," ताई म्हणाल्या. शब्द हळू आले.

"नाही. सगळं नळीतच होतं. भिंतीवर."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? मॅडम विचारत होत्या तेव्हा?"

तो बहिणीकडे बघून कसनुसा हसला. "वही दाखवली असती तर अक्षर दिसलं असतं. जुनी जागा या हातानेच गेली. कळू दिलं तर इथलीही जाईल असं वाटलं. तुम्ही सारखं माझ्याकडे बघत होतात. मला वाटलं, ताईंना हात कळला. आता त्या कधी सांगतात एवढंच राहिलं."

"मी नळ्यांकडे बघत होते."

"ते मला आत्ता कळतंय," तो म्हणाला. "आणि खरं सांगायचं तर, मी मोजायला सुरुवात केली ती वेगळ्याच कारणाने. मला वाटत होतं, तुम्ही पातळ करताय."

"मी?" ताई उठूनच उभ्या राहिल्या.

"कप्पा तुमच्या ताब्यात. नळ्या तुम्ही भरणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. मला वाटलं, बाटली जास्त दिवस पुरावी म्हणून पाणी घालताय आणि झाकताय. म्हणून मी तुम्ही यायच्या आधी येऊन चोरून मोजत होतो."

एकोणीस वर्षांत ताईंना कुणी असं म्हटलं नव्हतं. त्यांचे कान तापले. तोंडाशी आलेलं उत्तर चांगलंच तिखट होतं, पण आपण स्वतः या माणसाबद्दल काय काय समजत होतो, कुणाकुणाला काय सुचवलं होतं, हे त्यांना एकदम आठवलं, आणि त्या पुन्हा खाली बसल्या. बहिणीने मघाचा पेला त्यांच्याकडे सरकवला. ताई पाणी प्यायल्या.

उठताना त्यांनी विचारलं, डॉक्टरला दाखवलंत का? बहीण म्हणाली, दाखवलंय, औषध चालू आहे, पण वाढतंय. तो म्हणाला, मॅडमना नळ्यांचं सगळं सांगा, हाताचं तेवढं माझ्यावर सोडा.

सोमवारी ताई मॅडमसमोर उभ्या राहिल्या. मागणीचा कागद, न वाचलेला कागद आणि वहीतले आकडे आपल्या अक्षरात उतरवलेले, असं तिन्ही मेजावर ठेवलं. चूक माझी, असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, कारण नंतर धीर झाला नसता. मॅडम बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिल्या. मग म्हणाल्या, शुद्ध मागवा असं मीही म्हटलं होतं. पण त्यांचा आवाज थंड होता. त्यांनी विचारलं, एवढं शोधून काढलं होतं तर हा माणूस गप्प का बसला? सकाळी साडेसहाला काय करत होता?

"ते तुम्ही त्यांनाच विचारा," ताई म्हणाल्या. "मला सांगता येणार नाही."

मॅडमनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती ताईंना चांगली ओळखीची होती. महिनाभर त्या स्वतः तशाच बघत होत्या. आता ती नजर आपल्यावर घेऊन त्यांना उभं राहावं लागलं, आणि त्या राहिल्या.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, कबूल करायची काय गरज होती, आधी नवी बाटली मागवायची, आकडा सुधारला असता, कुणाला कळलं असतं? तीस वर्षं दुसऱ्यांची वजनं पकडणारा माणूस हे बोलत होता. ताईंनी भांडण केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "अहो, त्या माणसाचं कार्ड काढून घेतलं होतं माझ्या शब्दावर." यावर नवऱ्याने उठून स्वतःच ताटं घेतली.

घुम्याला बुधवारी बोलावलं. मॅडमच्या खोलीत तो अर्धा तास होता. बाहेर आला तेव्हा दोन्ही हात खिशाबाहेर होते आणि चहाच्या खोलीत बसलेल्या सगळ्यांनी ते पाहिले. मोजणीवाला चष्मा पुसू लागला. घुम्याने स्वतःच सांगितलं, हाताचा आजार आहे, आता थेंब टाकायचं काम माझ्याकडे नसेल, आखणी आणि तपासणी असेल. ताईंनाही एक पत्र मिळालं. मागणीचे कागद यापुढे दोघांच्या सह्यांनी जातील, दुसरी सही डॉक्टरांची, म्हणजे घुम्याची. पत्र वाचून त्यांना लागलं. नाही लागलं असं म्हणणं खोटं ठरेल. दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत.

नव्या पद्धतीने भरलेल्या, मिसळ घातलेल्या नळ्या दोन आठवडे फ्रीझरमध्ये मुद्दाम राहू दिल्या आणि मग प्रयोग लावला. आकडा एक्क्याऐंशी आला. मॅडम म्हणाल्या, पुरे आहे. ताईंना तो पुरे वाटला नाही.

लोक लगेच सुधारतात असं नसतं. चहाच्या खोलीत मोजणीवाला अजूनही घुम्याशी जरा जपूनच बोलायचा, आणि घुम्या काही एकाएकी गप्पिष्ट झाला नाही. ताई आणि तो मात्र रोज सकाळी एकाच मेजावर बसू लागले. ताई थेंब टाकत, तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी कशा वळतायत ते सांगे. त्याला हात वर करावा लागला, भिंग फिरवायला किंवा पान उलटायला, की ताई कटाक्षाने दुसरीकडे बघत. खिडकीकडे, घड्याळाकडे, कुठेही. काही दिवस त्याने हे चालू दिलं.

"ताई," एका सकाळी तो डोळा न काढता म्हणाला, "हाताकडे बघितलं तरी चालेल मला."

मग ताईंनी पाहिलं. हात भिंगाच्या चाकावर होता आणि चाकासकट हलत होता.

"वाढलंय का?" त्यांनी विचारलं.

"थोडं," तो म्हणाला. "चाक तुम्ही फिरवा. मी सांगतो कुठे थांबायचं."

ताईंनी खुर्ची जवळ ओढली आणि चाकाला हात घातला. तो म्हणाला, अजून, अजून थोडं, मागे, हां, तिथेच.